सरा आजोबा, वर येतोय

आमच्या वाडीत मेस्यो दिसायच्या आधी ऐकू येतो. तो मेनिंगकडे, म्हणजे बायकोकडे, मीठ मागतो तेव्हा पलीकडच्या घरातली बाई मिठाची वाटी घेऊन दारात येते. त्याचं पूर्ण नाव नेमेस्यो पादोन. तरुणपणी तो तोंडात हवेची नळी धरून खोल समुद्रात शिंपल्यांसाठी बुड्या मारायचा. त्यात त्याचे कान गेले. पूर्ण नाही, अर्धेमुर्धे. आणि इतके हळूहळू गेले की त्याला स्वतःला ते कळलंच नाही. आम्ही पालावान बेटावरची माणसं दुसऱ्याचं व्यंग तोंडावर बोलत नाही. हसून दोन पावलं मागे सरकतो, एवढंच.

बुड्या मारणं सुटल्यावर तो झाडांवर चढू लागला. आमच्या खाजणात, म्हणजे भरतीच्या चिखलातल्या रानात, जुन्या चिप्पीची उंच झाडं आहेत आणि त्यांच्या ढोलीत काताला अंडी घालतात. काताला म्हणजे पांढरा काकाकुवा, शेपटीखाली लाल. एके काळी आमच्याकडे दर दुसऱ्या घराच्या पडवीत एक तरी काताला पायात साखळी घालून बसलेला असायचा, आणि त्यातले निम्मेअधिक मेस्योने उतरवलेले असायचे. अंगठ्यांमध्ये दोरीचा फास घालून तो बेडकासारखा खोडावर सरकत जायचा आणि पिल्लू सदऱ्यात घालून उतरायचा. त्यात काही वाईट आहे असं तेव्हा कोणालाच वाटत नव्हतं. मग काताला दिसेनासे झाले. संध्याकाळी समोरच्या बेटावर मुक्कामाला जाणारा त्यांचा पांढरा थवा विरळ होत होत हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला. पक्ष्यांचं काम करणारी माणसं बाहेरून आली, आणि त्यांनी सर्वांत आधी विचारलं ते पिल्लं काढणाऱ्यांनाच. घरटी कुठे असतात ते दुसऱ्या कोणाला माहीत असणार?

असा मेस्यो राखणदार झाला, आणि त्याच्याबरोबर त्याचा मेहुणा सेराप्यो, मेनिंगचा धाकटा भाऊ. त्याला सगळे रापो म्हणतात. दोघांनी बास्केटबॉलच्या मैदानात, पत्र्याच्या छपराखाली, सगळ्या वाडीसमोर हात वर करून शपथ घेतली. आमच्याकडे लग्नाची जेवणं, निवडणुकीची भाषणं आणि मयताच्या जागरणातला जुगार सगळं त्या मैदानातच होतं. शपथ अशी की झाडावर खूण करायची नाही, एकाच वाटेने दोनदा जायचं नाही आणि घरटं कोणत्या झाडावर आहे ते जिवंत माणसाला सांगायचं नाही.

मेस्योने ही शपथ लग्नाच्या शपथेपेक्षा कडक पाळली. "माझ्या बायकोलासुद्धा ठाऊक नाही," असं तो दुकानाच्या बाकावर बसून सांगायचा. राखणदारीचं काम त्याच्या अंगात भिनलं होतं. उभं वाळकं झाड कोणी तोडताना दिसलं की तो कोयता काढून घ्यायचा, मग समोर चुलता असो की पाद्री. शेवग्यावर काताला उतरले आणि कोणी खडा उचलला, की त्या माणसाला तो आठवडाभर टोमणे मारायचा: "शेंगा खाऊन त्यांचं पोट भरतं. तुझं कशाने भरणार आहे?" पूर्वी आपण काय करत होतो त्याची त्याला लाज वाटत असावी. ती लाज तो असा दुसऱ्यांवर काढायचा, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र त्याने पिल्लं चोरायच्या दिवसांपासून सोडली नव्हती. त्याची आई डोंगरातल्या ताग्बानुआ जमातीची. तिने त्याला लहानपणीच शिकवलं होतं, की जुनं झाड हे कोणाचं तरी घर असतं. आत राहणारे आपल्याला दिसत नाहीत, पण आपण त्यांना दिसतो. न विचारता चढलं तर पाय सुजतो, तोंड वाकडं होतं. म्हणून चढायच्या आधी खोडावर हात ठेवून म्हणायचं, "ताबी, आपो." सरा आजोबा, वर येतोय. खाजणात शिरताना आम्ही सगळेच असं एकदा म्हणतो. पण एकेका झाडाला विचारायचं ते चढायचं असेल तरच. आणि मेस्यो आता चढायचा तो फक्त घरट्यांच्या झाडांवर, पिल्लं नीट आहेत ना ते पाहायला.

त्या वर्षी तीनच घरट्यांत पिल्लं धरली होती. उन्हाळा कडक होता. एका घरट्यातली पिल्लं उन्हाच्या तलखीने ढोलीतच मेली. उरली दोन घरटी: एक ओढ्याच्या तोंडाशी असलेल्या थोरल्या चिप्पीवर, दुसरं आत, दुहेरी खोडाच्या झाडावर. थोरल्या चिप्पीवरच्या पिल्लांना पिसं फुटली होती, थोड्याच दिवसांत ती उडणार होती.

एका सकाळी मेस्यो तिथे गेला तेव्हा खोडावर ताज्या खाचा होत्या. ढोलीचं तोंड कुऱ्हाडीने फोडून हात जाईल एवढं मोठं केलेलं होतं. आत काही नव्हतं. असं फोडलेलं तोंड पुन्हा बुजत नाही. पावसाचं पाणी आत जातं, आणि ती जोडी त्या ढोलीत परत अंडी घालत नाही. म्हणजे पिल्लं तर गेलीच, घरही गेलं. नर-मादी झाडाभोवती घिरट्या घालत ओरडत होती. मादी मध्येच फुटलेल्या तोंडाशी बसायची, मान आत घालायची आणि पुन्हा बाहेर काढायची. मेस्यो दुपारपर्यंत ते बघत चिखलात बसून राहिला.

संध्याकाळी मैदानात सभा भरली. आमची कापितान, म्हणजे वाडीची प्रमुख, सौम्य बाई आहे. ती म्हणाली, "आधी चौकशी करू. बाहेरच्या होड्याही येऊन गेल्यात..."

मेस्यो उभाच राहिला. "बाहेरच्यांना झाड कसं कळणार? ते दोघांनाच माहीत होतं. एक मी. मी हा हात तोडून टेबलावर ठेवतो."

"मेस्यो, बस खाली. सगळ्यांसमोर असं..."

"सगळ्यांसमोरच! शपथ सगळ्यांसमोर घेतली ना? बायाव, तुझ्या होडीला नवं इंजिन लागलंय. चांगलं आहे, भुर्रकन जातं. ते कुठून आलं ते सांग की जरा."

बायाव म्हणजे मेहुणा. एरवी हा शब्द आमच्याकडे गमतीत, खांद्यावर हात टाकून म्हणतात.

मैदानात शेकडो माणसं होती. रापो मागच्या रांगेत बसला होता. मेस्यो जितका मोठ्याने बोलतो तितकाच रापो हळू. तो उठला, पुढे आला, डोक्यावरची राखणदाराची टोपी काढून कापितानच्या टेबलावर ठेवली, नीट, तोंड सरळ करून. मग निघून गेला. त्याची बायको पाठोपाठ गेली. उत्तर दिलं नाही, याचा अर्थ बऱ्याच जणांनी आपापल्या परीने लावला.

घरी मेनिंगने ताट वाढलं. भात, सुका मासा, शेवग्याच्या पाल्याचं कालवण. रोजच्यासारखंच.

"जेवण झालंय, पादोन," ती म्हणाली.

"पादोन कोण?"

"मी ज्याच्या घरात राहते त्या माणसाचं आडनाव आहे."

मेस्यो जेवू लागला. घास गिळेपर्यंत ती थांबली, आणि मग म्हणाली, "इंजिन त्याच्या थोरलीने पाठवलंय. ती मास्तरीण व्हायची होती ना? ती हाँगकाँगला लोकांची भांडी घासते. रापोने कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला वाटतं, आपण पोरीला शिकवू शकलो नाही. ते त्याने तुझ्यासाठी मैदानात सांगायला हवं होतं का?"

मेस्योने ताट सरकवलं. पण खरं सांगायचं तर त्याचं मन अजून वळलं नव्हतं. झाड दोघांनाच माहीत होतं, या एका गोष्टीशी तो येऊन अडकत होता. इंजिन नसेल त्या पैशाचं, पण झाड तर दोघांनाच माहीत होतं.

त्याला यातून सोडवलं ते इसिंगने. खरं म्हणजे तिने त्याला सोडवलं नाही, बुडवलं.

इसिंग ही खाजणातली म्हातारी. ओहोटीला ती पडलेले, कुजके ओंडके फोडते आणि त्यांत पोसलेले तामिलोक काढते: हातभर लांब, पांढरे, शेवयांसारखे लिबलिबीत किडे. व्हिनेगर आणि मिरची घातली की आमच्याकडे मेजवानीच. मेस्योशी तिचं जन्माचं भांडण, कारण तो तिला सतत हटकायचा.

"मेस्यो, इकडे ये," तो खाजणातून जाताना तिने हाक मारली. "इथे बस. माझ्या तोंडाकडे बघून बस."

"काय मानांग, उभं झाड तर पाडलं नाहीस?" मानांग म्हणजे थोरली बहीण.

"आला लगेच कोतवाल! पडलेलंच आहे हे, माझ्यासारखं. ऐक. रापोने पिल्लं नाही नेली."

"तुला काय माहीत?"

"कारण मीच सांगितलं त्यांना."

"कोणाला?"

"ते चिंबोऱ्या घ्यायला होडीवाले आले होते ना, गोड बोलणारे. इथेच बसून तामिलोक खात होते. तेवढ्यात तू तिकडे ओरडलास. त्यातला एक म्हणाला, 'मावशी, कोण भांडतंय?' म्हटलं, भांडत नाही रे, तो आमचा मेस्यो. झाडावर चढायच्या आधी आजोबांना विचारतोय. तो म्हणाला, 'वर कशाला जातो?'" इसिंगने कोयता ओंडक्यात रुतवला आणि तिथेच ठेवला. "म्हटलं, काकाकुव्याची पिल्लं बघायला. पाहुणे होते. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी होडी नव्हती, आणि पिल्लंही नव्हती."

मेस्योला पहिल्यांदा राग आला तो भलत्याच गोष्टीचा. "मी ओरडलो? मी कधी ओरडत नाही. मी पुटपुटतो. ओठातल्या ओठात."

इसिंगला हसू आवरेना. तिने चिखलाच्या हाताने तोंड दाबलं. "ओठातल्या ओठात! अरे देवा. तू पुटपुटलास की समोरच्या बेटावरचा कुत्रा भुंकायला लागतो."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"कसं सांगणार? तुला वाईट वाटलं असतं."

मग त्याने विचारलं, "झाडं कोणती ते सगळ्यांना माहीत आहे?"

"पोरासोरांनासुद्धा. ओढ्यावरची थोरली, आतली दुहेरी, आणि ती जळकी, जिच्यावरची उन्हाने गेली. म्हणून तर त्या बाजूला कोणी लाकडाला जात नाही. तू मोठा गुपित राखणारा! तुझं गुपित आम्ही राखत होतो." आणि मग तिचं हसू कुठेतरी अडकलं आणि ती रडायलाच लागली. "मी राखलं नाही रे. माझ्याच तोंडून गेलं."

मेस्यो नंतर सांगायचा, की त्याला तेव्हा चिखलात आणखी खाली जावंसं वाटलं, गुडघ्यापर्यंत, गळ्यापर्यंत. पूर्वी त्याने चोऱ्या केल्या होत्या, पण तेव्हा सगळेच करायचे, ती लाज सगळ्यांत वाटली गेली होती. ही त्याच्या एकट्याची होती. ज्या लोकांच्या हातातले कोयते तो हिसकावत होता, तेच इतकी वर्षं त्याच्या मागे उभे राहून ती झाडं सांभाळत होते, आणि वर त्याचं मन दुखू नये म्हणून गप्प होते. आणि ज्याने शब्दन्‌शब्द पाळला, त्या रापोला मेस्योने टोपी टेबलावर उतरवायला लावली होती.

माफी मागायला आमच्याकडे कोणी सरळ जात नाही. मध्ये कोणाला तरी घालतात, बहुधा मोठी बहीण. पण मेनिंग म्हणाली, "माझा भाऊ आणि घरमालक, मी कोणाकडून बोलू?" म्हणून मेस्यो एकटाच गेला. रापोच्या अंगणात न फोडलेली लाकडं पडली होती. मेस्योने कुऱ्हाड उचलली आणि फोडायला लागला. पूर्वी सासऱ्याकडे मुलगी मागताना जावई अशी लाकडं फोडायचे, पाणी भरायचे. रापोची बायको दारात आली.

"आमच्याकडे कोणाचं लग्न आहे का?" तिने विचारलं, आणि आत गेली.

सगळी लाकडं फोडून, रचून झाली तेव्हा रापो बाहेर आला. तो हळू बोलतो, पण त्या दिवशी तो मेस्योच्या अगदी समोर, जवळ येऊन बोलला, एकेक शब्द तोंडाने दाखवत. तेव्हा मेस्योला कळलं, की हा आपल्याशी कायमच असा बोलत आला आहे.

"मला सांगू नकोस. जिथे बोललास तिथे सांग."

"सगळ्यांसमोर?"

"मी काय खाजगीत चोर झालो होतो?"

पुढच्या सभेत मेस्यो उभा राहिला तेव्हा कापितानने त्याच्या हातात माइक दिला. त्याने तो परत टेबलावर ठेवला. "मला याची गरज नाही," तो म्हणाला, "हे मला आत्ता कळलंय." लोक हसले. तो विनोद करायला उभा राहिला नव्हता. तो लाल झाला, आणि मग त्याने सगळं सांगितलं: पुटपुटणं, होडीवाले, झाडं. इसिंगचं नाव त्याने घेतलं नाही; तीच उठून म्हणाली, "सांगणारी मी होते, सगळं आपल्याच ताटात वाढून घेऊ नकोस." लोक पुन्हा हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण मेस्योला ते मार खाल्ल्यासारखं लागत होतं, हे आम्हाला दिसत होतं. शेवटी तो म्हणाला, "सेराप्योने काही केलं नाही. मी त्याला चोर म्हणालो. झाड मी फोडलं." इंजिनाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. तेवढं शहाणपण त्याला आलं होतं.

रापो मागच्या रांगेत होता. तो जागचा हलला नाही.

"आणि आता दुहेरी झाडाचं काय?" कापितानने विचारलं. तिथली पिल्लं अजून ढोलीत होती, आणि गोड बोलणारे होडीवाले पुन्हा येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी मुक्याने चढेन," मेस्यो म्हणाला.

म्हाताऱ्यांच्यात एकदम कुजबुज झाली. "न विचारता?" "अरे, तोंड वाकडं होईल!" "झालेलंच आहे, आता काय होणार!" तेवढ्यात इसिंग म्हणाली, "त्याने कशाला मुकं व्हायचं? आपण सगळे विचारू. जो खाजणात जाईल त्याने वाटेतल्या प्रत्येक झाडाला विचारायचं. मोठ्याने. मग बसू दे होडीवाल्यांना झाडं मोजत."

तसंच झालं. पुढचे कितीतरी दिवस आमचं खाजण नुसतं दुमदुमत होतं. चिंबोरी धरणारे, शिंपल्या वेचणाऱ्या बायका, शाळेतून येणारी पोरं, जो तो दिसेल त्या झाडाला "ताबी, आपो!" ओरडायचा. पोरं तर विजेच्या खांबालाही विचारायची. होडीवाले आले, दिवसभर थांबले आणि चिंबोऱ्या घेऊन निघून गेले. सगळी वाडी मजेत होती. मेस्यो तेवढा मान खाली घालून चालायचा. त्याची चूक झाकायला सगळं गाव ओरडतंय, हे त्याला दर हाकेला ऐकावं लागत होतं. आणि त्याला ऐकू येत होतं याचा अर्थ आम्ही किती मोठ्याने ओरडत होतो बघा.

सभेच्या दुसऱ्या सकाळीच रापो होडी घेऊन मेस्योच्या धक्क्याला आला होता. डोक्यावर टोपी नव्हती. "काताला वाट बघणार नाहीत," एवढंच तो म्हणाला. दुहेरी झाडाशी पोचल्यावर त्याने दोरी मेस्योच्या हातातून घेतली. "वर मी. तू खाली." मेस्योने दोरी दिली. रापोने खोडावर हात ठेवला, त्याचे ओठ हलले, आणि तो वर गेला. पिल्लं होती. ती उडेपर्यंत रोज तोच चढला.

शेवटच्या दिवशी धाकटं पिल्लू ढोलीतून बाहेर आलं, फांदीवर डगमगलं आणि खाली पडतंय की काय असं वाटेपर्यंत पडून मग पंख मारत बेटाकडे गेलं, आईबाप दोन बाजूंना. मेस्यो मान वर करून बघत होता. रापो अर्ध्या खोडावर होता, तोंड बेटाकडे, मेस्योकडे पाठ. तो काहीतरी बोलला. एखादं वाक्य असेल. त्यात बायाव हा शब्द होता असं मेस्योला वाटलं, पण खात्री नव्हती. रापो खाली उतरला, दोरी गुंडाळली आणि उत्तराची वाट बघितल्यासारखा क्षणभर थांबला. 'काय म्हणालास?' असं विचारायची मेस्योला लाज वाटली. त्याने नुसती मान हलवली. रापो होडीत जाऊन बसला.

घरी त्याने हे मेनिंगला सांगितलं. ती पुन्हा त्याला मेस्यो म्हणू लागली होती. ती भावाकडे गेली आणि विचारून आली.

"काय म्हणाला?" मेस्योने विचारलं.

"म्हणाला, ज्याला ऐकू आलं नाही त्याने येऊन विचारावं."

या गोष्टीला आता दोन उन्हाळे झाले. दोघं रोज एका होडीतून खाजणात जातात. मेस्योने अजून विचारलेलं नाही.